तांबेरा आणि मोजणी



साहित्याच्या व्यासपीठावर गव्हाच्या रोगाविषयी बोलायला मी उभा राहिलो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण या रोगाच्या भारतातील इतिहासात अगदी आरंभीच्या पानांवर एक मराठी माणूस भेटतो, आणि त्याने मांडलेला प्रश्न पुढे जवळजवळ दोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला. म्हणून त्या माणसापासूनच सुरुवात करतो.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपण ऐकलेले असते, तो विल्यम स्लीमन १८३५ च्या नोव्हेंबरात प्रकृतीसाठी जबलपूरहून हिमालयाकडे निघाला. वाटेत भेटलेली माणसे आणि त्यांच्याशी झालेली बोलणी त्याने टिपून ठेवली व १८४४ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. सागरच्या मुलखातील त्याच्या स्नेह्यांत देवरीचे मराठी जहागिरदार रामचंद्रराव हे एक होते. लोक त्यांना ‘श्रीमंत’ म्हणत. इंग्रजी कानाने त्याचे ‘सरीमंत’ केले. पेशवाईत सागरचा हा मुलूख गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे होता आणि १८१८ मध्ये तो कंपनीकडे गेला, हे आपल्यापैकी काहींना घरच्या कागदपत्रांवरूनच ठाऊक असेल.

एके दिवशी स्लीमन आणि श्रीमंत यांचे बोलणे नर्मदाखोऱ्यातल्या गव्हावर ओळीने काही वर्षे पडलेल्या तांबेऱ्यावर आले. त्याचे कारण काय, असा विषय निघाला. श्रीमंतांनी सांगितले ते असे. प्रथम लोक म्हणाले, इंग्रजी अंमलात व्यभिचार वाढला, त्याचे हे फळ. पुढे बहुतेकांचे मत पडले की दोष जमिनीच्या वारंवार होणाऱ्या मोजणीचा आहे. जमीन ही तिच्या धन्याची आई. नीट वागवले तर ती मुलाला भरभरून देते. पण मुलगाच तिच्याकडे अभिलाषेने पाहू लागला तर ती देणे थांबवते, किंवा देव गारा आणि तांबेरा पाठवून तिने दिलेले नासवतो. शेते मोजणे, उभ्या पिकाची पाहणी करून ते किती सारा देईल याचा अंदाज बांधणे, हे त्याच जातीचे पाप. म्हणून श्रीमंत स्वतः कधी त्या वाटेला जात नसत. त्यांनी सुचवलेला उपायही अस्सल दरबारी होता. मोजणी बंदच करावी. ते जमत नसेल तर साहेबांनी स्वतः न जाता हाताखालच्या लोकांकडून ती करून घ्यावी, म्हणजे देवाला ते तितके खटकणार नाही. बैठकीतल्या एका पंडितांनी भर घातली की आता तर लोक एकमुखाने गोमांसभक्षणालाच दोष देतात.

हे ऐकून हसू येणे सोपे आहे. पण त्या माणसांनी काय पाहिले होते ते आधी लक्षात घ्यावे. १८२७ च्या सुगीत जबलपूर जिल्ह्यात हाती आलेला सगळा गहू पेरलेल्या बियाण्याइतकाही भरला नाही, असे स्लीमनने नोंदवले आहे. पीक हिरवेगार उभे असते, ओंबी धरलेली असते, चारदोन दिवस आभाळ भरते, आणि बघता बघता पानांवर व काडीवर तांबड्या पुटकुळ्या येतात. शेतातून चालत गेले तर धोतराला गेरू लागल्यासारखा रंग लागतो. मराठीने या रोगाला तांब्यावरून नाव दिले, आसपासच्या हिंदीने गेरूवरून. काडीतला रस बुरशीच पिऊन टाकते, दाणा भरत नाही आणि मळणीत भुशाखेरीज काही उरत नाही. नवे राज्य, नवी साराबंदी, नवी मोजणी आणि हा रोग हे सारे दहा वर्षांच्या आत एकापाठोपाठ आले. काकतालीय न्यायाने त्यांची सांगड घालणारे लोक मूर्ख नव्हते. ते कारण शोधत होते, आणि जे नवे दिसले त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवले.

त्या भागात आणखी एक संशय होता, तो अळशीवर. अळशीवरही तांबेरा पडतो, आणि तो तिच्यावरून शेजारच्या गव्हावर चढतो, असे शेतकरी म्हणत. हा संशय ध्यानात ठेवावा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

पिकावरच्या तांबेऱ्याला देवाचा कोप मानणारे आपणच होतो असेही नाही. प्राचीन रोममध्ये दरवर्षी २५ एप्रिलला तांबेऱ्याच्या देवतेचा उत्सव असे आणि तिला कुत्र्याचा बळी देत. युरोपातले शेतकरीही पुढे एका झुडपावर संशय घेऊ लागले. ते झुडूप म्हणजे बार्बेरी, आपल्या हिमालयातल्या दारुहळदीचे सख्खे भावंड. बार्बेरीच्या कुंपणाजवळचा गहू आधी तांबेरतो, असे ते सांगत. अमेरिकेतल्या कनेटिकट वसाहतीने तर १७२६ मध्ये ही झुडपे तोडण्याचा कायदा केला. विद्वानांना मात्र हे पटेना. बार्बेरीच्या पानावरची बुरशी नारिंगी पेल्यांसारखी दिसते, गव्हावरची तांबड्या भुकटीसारखी. दोन्ही एकच कशा असतील? १७६७ मध्ये इटलीत फोंताना आणि तोझेत्ती या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गव्हावरचा तांबेरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो परजीवी असल्याचे दाखवले होते. पण बार्बेरीचे कोडे सुटायला १८६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीत आंटोन द बारी यांनी गव्हाच्या काडावरचे काळे बीजाणू रुजवून बार्बेरीच्या पानावर सोडले आणि तिथे नारिंगी पेले उगवलेले पाहिले. शेतकऱ्यांचा संशय खरा ठरला.

आता या बुरशीचे आयुष्य थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. गव्हावर ती तांबडे बीजाणू तयार करते. ते वाऱ्याने उडून दुसऱ्या गव्हावर पडतात आणि अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांच्या आत नव्या पुटकुळ्या फुटतात. एकेका पुटकुळीतून हजारो बीजाणू निघतात, त्यामुळे शेतात चार ठिपके दिसले की महिन्याभरात शिवार तांबडे होऊ शकते. गहू पिकू लागला की तीच बुरशी तांबडे सोडून जाड भिंतीचे काळे बीजाणू करू लागते. खोडावरच्या तांबेऱ्याला आपण ‘काळा तांबेरा’ म्हणतो तो यामुळे. थंड देशांत हे काळे बीजाणू काडावर हिवाळा काढतात, वसंतात त्यांतून अगदी बारीक बीजाणू निघतात आणि ते फक्त बार्बेरीला लागतात. बार्बेरीवर पुन्हा दोन प्रकार होतात, आणि त्यांतला दुसरा गव्हावर परततो. एकूण पाच प्रकारचे बीजाणू आणि दोन भिन्न कुळांतल्या वनस्पती. बार्बेरीवरचा पहिला प्रकार कशासाठी, हे १९२७ पर्यंत कोणाला कळले नव्हते. त्या वर्षी कॅनडात क्रेगी यांनी दाखवले की बार्बेरीच्या पानावर बुरशीचा विवाह होतो. एका ठिपक्यावरचा गोड रस माशी दुसऱ्या ठिपक्यावर नेते आणि दोन वंशांचे गुण एकत्र येतात. नवे वंश जन्माला येण्याची एक जागा अशी सापडली.

आपल्याकडे मात्र ही कथा जशीच्या तशी लागू पडेना. माळव्यात किंवा नर्मदाकाठी दारुहळदीची कुंपणे नाहीत. शिवाय गहू फाल्गुन-चैत्रात निघतो आणि मग मे महिन्याचे ऊन येते. त्या उन्हात शेतातले तांबडे बीजाणू मरून जातात. तरीही पुढच्या पौष-माघात तांबेरा हजर. मग तो मधले महिने राहतो कुठे?

या प्रश्नाचा पाठपुरावा ग्वाल्हेरच्या शेजारी, आग्रा कॉलेजात, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी १९२० च्या दशकापासून १९५० मधील मृत्यूपर्यंत केला. त्यांची पद्धत कंटाळवाणी वाटावी अशी होती. मैदानातले बीजाणू कोणत्या महिन्यापर्यंत रुजतात ते तपासायचे. कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यात, कोणत्या गव्हावर पहिली पुटकुळी दिसली ते नोंदवायचे. चिकट काचपट्ट्या ठिकठिकाणी हवेत धरून त्यांवर बसलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ही मोजणी वर्षानुवर्षे चालली. तिच्यातून निघालेले उत्तर असे: मैदानातला तांबेरा उन्हाळ्यात मरतो, पण हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, थंड हवेत, आपोआप उगवलेल्या आणि अवेळी पेरलेल्या गव्हावर तो तग धरून राहतो. तिथून दरवर्षी तो वाऱ्यावर बसून खाली येतो. भारतात बार्बेरीला या व्यवहारात फारसे स्थान नाही. मेहतांचे हे संशोधन सरकारच्या कृषी संशोधन परिषदेने १९४० मध्ये आणि मरणोत्तर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने छापले.

पुढे लालमोहन नव्हे, हवामानाचे नकाशे घेऊन बसलेल्या नागराजन आणि जोशी या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दक्षिणेची वाट अधिक नेमकी केली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळे होतात. त्यांतल्या काहींचा मार्ग असा असतो की निलगिरीवरचे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू वर उचलले जातात आणि मध्य भारतावर पावसाबरोबर खाली उतरतात. म्हणजे नर्मदाखोऱ्यातल्या शेतकऱ्याला भरून आलेल्या आभाळाची जी भीती वाटे ती दुहेरी खरी होती. त्या ढगातून बीजही येते आणि ते रुजायला लागणारा ओलावाही. एखाद्याच साली सर्वनाश का आणि दुसऱ्या साली का नाही, याचे उत्तर पापपुण्यात नसून वादळाच्या वाटेत, तारखेत आणि त्या वेळी पीक किती वाढलेले आहे यात होते.

इंदूरच्या संदर्भात इथे आणखी एक नाव घ्यायला हवे. होळकरांच्या राजधानीत १९२४ मध्ये वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारणारे आणि ‘इंदूर पद्धती’च्या खतामुळे जगभर गाजलेले अल्बर्ट हॉवर्ड. त्यांचे म्हणणे होते की कीड आणि बुरशी हे रोगाचे मूळ नव्हेच. चुकीचे वाण आणि हलाखीत वाढलेले पीक हे मूळ, बुरशी फक्त ते दाखवून देते. जमिनीच्या कसाविषयी हॉवर्ड यांनी जे शिकवले त्याचे मोल मोठे आहे. पण तांबेऱ्याच्या बाबतीत हा न्याय अपुरा पडतो. ही बुरशी मेलेल्या काडीवर जगत नाही. तिला जिवंत आणि रसरशीत पेशी लागते. खतपाणी घालून उत्तम वाढवलेले शेतही ती तितक्याच आवडीने खाते. श्रीमंतांनी दोष माणसाच्या नीतीत शोधला, हॉवर्ड यांनी मशागतीत. दोघांनाही वाटत होते की आपण नीट वागलो तर रोग येणार नाही.

१९४६-४७ च्या हंगामाने हा विश्वास मोडला. त्या वर्षी मध्य भारतात आणि लगतच्या प्रदेशांत काळ्या तांबेऱ्याची साथ पसरली आणि सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज केला जातो. बंगालच्या दुष्काळाला चारच वर्षे झाली होती, धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते आणि देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी अमेरिकेच्या तांबड्या गव्हाच्या आणि मिलोच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या टंचाईच्या काळाला या साथीचीही पार्श्वभूमी आहे.

उपाय दिसत होता तो तांबेरा न लागणाऱ्या गव्हाचा. रोग न लागण्याचा गुण आईबापांकडून ठरावीक नियमाने उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याबाबत दाखवले होते. आपल्याकडे बेंजामिन पिअरी पाल यांनी तीनही तांबेऱ्यांना, म्हणजे काळ्या, तपकिरी आणि पिवळ्या अशा तिघांना तोंड देणारा ‘एन.पी. ८०९’ हा गहू काढला आणि तो १९५४ मध्ये शेतकऱ्यांकडे गेला. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या केंद्राने केनियातून आलेल्या गव्हांशी संकर केला आणि केनिया व निफाड ही दोन नावे जोडून त्या वाणांचे नाव ठेवले ‘केनफड’. पण जगभर एकच अनुभव येत राहिला. नवे वाण येते, काही वर्षे स्वच्छ राहते, सगळीकडे तेच पेरले जाते, आणि मग एके वर्षी त्याच्यावरही पुटकुळ्या दिसतात. वाण तेच असते. बदललेली असते ती बुरशी. अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी आधीच दाखवले होते की काळा तांबेरा एक नसून त्याचे अनेक वंश आहेत. डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकाला जो गहू लागतो तो दुसऱ्याला लागत नाही.

हे कसे घडते, याचे उत्तर गव्हाने दिले नाही. ते दिले अळशीने. अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात अळशी हे मोठे पीक होते, आणि तिथे हॅरॉल्ड फ्लोर हे अळशीच्या तांबेऱ्यावर काम करत होते. अळशीचा तांबेरा गव्हाच्या तांबेऱ्याहून वेगळा. एकाचा बीजाणू दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे नर्मदाकाठच्या शेतकऱ्यांचा संशय या बाबतीत चुकीचा होता. पण अळशीच्या तांबेऱ्याची एक सोय आहे: त्याचे पाचही प्रकारचे बीजाणू अळशीवरच होतात, दुसरे झाड लागत नाही. त्यामुळे फ्लोर यांना झाडांचा संकर करता आला तसाच बुरशीचाही करता आला.

त्यांच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एकात अळशीची दोन वाणे होती. एकाचे नाव ‘ओटावा ७७० बी’ आणि दुसऱ्याचे ‘बॉम्बे’. बुरशीचे वंशही दोन. ‘ओटावा’ला पहिला वंश लागे, दुसरा लागत नसे, ‘बॉम्बे’चे नेमके उलट. दोन्ही वाणांचा संकर करून नातवंडांच्या पिढीतली १९४ रोपे फ्लोर यांनी तपासली. त्यांतली ११० दोन्ही वंशांना पुरून उरली, ३२ आणि ४३ रोपे एकेकाच वंशाला तोंड देऊ शकली आणि ९ रोपे दोघांनाही बळी पडली. मेंडेलच्या नियमानुसार दोन स्वतंत्र जनुके असतील तर ९, ३, ३, १ असे जे प्रमाण पडायला हवे, ते हेच. मग बुरशीच्या दोन वंशांचा संकर करून त्यांच्या संततीची अशीच मोजदाद केली, तेव्हा तिथेही दोन जनुकांचे प्रमाण निघाले. निष्कर्ष असा की झाडातल्या प्रत्येक रक्षक जनुकासमोर बुरशीत एक जोडीदार जनुक असते. दोघे समोरासमोर आले की झाड शत्रूला ओळखते. बुरशीतले ते जनुक बदलले की ओळख पटत नाही आणि रोग लागतो. १९४० आणि ५० च्या दशकांत मांडलेला हा सिद्धान्त आज सगळ्या वनस्पतिरोगशास्त्राचा पाया मानला जातो.

झाड शत्रूला ओळखते म्हणजे काय, हे समजायला आणखी अर्धे शतक लागले. बीजाणू पानावर रुजतो तेव्हा त्यातून एक बारीक तंतू निघतो आणि पानाच्या पृष्ठभागावर चाचपडत पर्णरंध्र शोधतो. हे चाचपडणे शब्दशः खरे आहे. घेवड्याच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये त्याला पानाऐवजी प्लास्टिकवर रुजवले. त्यावर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका उंचवटा लागताच तंतू थांबला आणि रंध्रात शिरण्यासाठी लागणारा फुगीर अवयव करू लागला. घेवड्याच्या रंध्राच्या कडेची उंचीही तितकीच असते. नुसत्या स्पर्शाने बुरशीची काही जनुके जागी होतात, जी एरवी झोपलेली असतात. रंध्रातून आत गेल्यावर ती पेशीच्या भिंतीला छिद्र पाडून आत बोटासारखा शोषक अवयव घालते, आणि इथे जनुकांचा आणखी एक संच जागा होतो. त्यांनी तयार केलेली प्रथिने झाडाच्या पेशीत सोडली जातात. ती झाडाची संरक्षणव्यवस्था ढिली करतात आणि अन्न बुरशीकडे वळवतात.

घरात एकच पोथी असते, पण श्रावणात तिचा एक अध्याय वाचला जातो आणि मार्गशीर्षात दुसरा. तसेच हे आहे. तांबड्या बीजाणूत, काळ्या बीजाणूत, बार्बेरीवरच्या पेल्यात आणि गव्हाच्या पेशीतल्या शोषकात जनुकांची पोथी एकच. कोणते पान केव्हा उघडायचे ते स्पर्श, ऊब, ओलावा आणि झाडाचे वय यांवरून ठरते. गहू पिकताना तांबड्याचे काळे होणे हा शेतकऱ्याने हजारो वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहिलेला जनुकनियमनाचाच प्रकार आहे. २०११ मध्ये काळ्या तांबेऱ्याची ही पोथी वाचून प्रसिद्ध झाली. तिच्यात १७,७७३ जनुके असावीत असे मोजले गेले, आणि गव्हाच्या पानात वाढताना पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांची अनेक जनुके जोरात चालू होतात असे आढळले.

त्याच प्रथिनांपैकी काहींना गहू ओळखतो. २०१७ मध्ये काळ्या तांबेऱ्यातली अशी दोन जनुके प्रथमच हाती आली. गव्हातली त्यांची जोडीदार ‘एसआर ३५’ आणि ‘एसआर ५०’ या नावांनी ओळखली जातात. ओळख पटली की गव्हाची ती पेशी स्वतःच मरते. जिवंत पेशीवाचून न जगणारी बुरशी मग तिथेच उपाशी पडते. पण बुरशीच्या त्या एका जनुकात डीएनएचा उडता तुकडा घुसला, आणि ओळखीची खूण पुसली गेली की एसआर ३५ आंधळे होते. फ्लोर यांनी रोपे मोजून जे अनुमान काढले होते ते असे रेणूंच्या पातळीवर दिसले.

यात पणाला काय लागले आहे ते युगांडात कळले. १९६० नंतरच्या दशकांत राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे जनुक जगभरच्या असंख्य वाणांत घातले गेले. उत्तर भारतात एके काळी सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या ‘पीबीडब्ल्यू ३४३’ मध्येही ते होते. काळ्या तांबेऱ्याचा प्रश्न संपला असे लोक बोलू लागले. १९९८ मध्ये युगांडात त्या जनुकाला न जुमानणारा वंश सापडला. १९९९ च्या नोंदीवरून त्याला ‘यूजी ९९’ म्हणतात. तो पूर्व आफ्रिकेतून येमेन आणि इराणपर्यंत पोचला. हा वंश आला कुठून? तांबड्या बीजाणूत दोन केंद्रके वेगवेगळी नांदतात. २०१९ मध्ये असे दिसून आले की यूजी ९९ चे एक केंद्रक आफ्रिकेतल्याच एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. बार्बेरी नाही, विवाह नाही. दोन वंशांचे तंतू एकत्र येऊन केंद्रकांची अदलाबदल झाली आणि नवा वंश उभा राहिला. म्हणजे बार्बेरी तोडली तरी सगळ्या वाटा बंद होत नाहीत.

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या एका गव्हाविषयी. बेळगाव, सांगली, सातारा या पट्ट्यात ज्याची खीर होते, तो खपली गहू. मळणीत त्याचे टरफल सुटत नाही, म्हणून हे नाव. काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी स्टॅकमन यांनी बारा गव्हांचा जो संच ठरवला, त्यातल्या एकाचे नाव ‘खपली’ असेच होते. मिनेसोटाच्या काचघरांत आणि जगभरच्या प्रयोगशाळांत हा मराठी शब्द वर्षानुवर्षे लिहिला गेला. खपलीत ओळखलेले ‘एसआर १३’ हे जनुक यूजी ९९ ला तोंड देते, आणि त्याची रचनाही २०१७ मध्ये उलगडली. पण इथेही विजयाची गुढी उभारण्याचे कारण नाही. एसआर १३ ला चुकवणारा तांबेऱ्याचा वंश इथिओपियात आधीच आढळला आहे. खपलीचे महत्त्व ती अजिंक्य आहे म्हणून नाही. एकाच जातीच्या गव्हाने भरलेल्या देशात, वेगळ्या प्रकारची जनुके सांभाळणारा एक जुना गहू काही शेतकऱ्यांनी सणासुदीच्या खिरीसाठी का होईना, टिकवून ठेवला, म्हणून ते आहे.

श्रीमंत रामचंद्ररावांच्या बोलण्याकडे शेवटी परत येतो. मोजणीमुळे तांबेरा येतो असे त्यांच्या काळचे लोक म्हणत. पुढे तांबेऱ्याविषयी आपल्याला जे काही कळले ते मोजणीनेच: मेहतांच्या काचपट्ट्यांवरचे बीजाणू, फ्लोर यांची १९४ रोपे, पोथीतली जनुके. या अर्थी श्रीमंत चुकले. पण त्यांच्या तक्रारीचा रोख ज्या मोजणीवर होता ती सारा ठरवण्यासाठी होती. या शेतातून अधिकात अधिक किती काढता येईल, हा तिचा प्रश्न होता. तांबेऱ्याचा इतिहास पाहिला तर मोठ्या साथींच्या आधी बहुतेकदा हाच प्रश्न एकट्याने विचारलेला दिसतो. सर्वांत जास्त पिकणारे एक वाण, त्यात एकच रक्षक जनुक, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बुरशीला एवढे मोठे, एकाच कुलपाचे कोठार आपणच बांधून देतो, आणि मग तिला त्या कुलपाची एकच किल्ली शोधावी लागते.

दुसऱ्या प्रकारची मोजणी अजून चालू आहे आणि ती कधी संपणारी नाही. महाबळेश्वरच्या थंड, पावसाळी हवेत गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे; निलगिरीत वेलिंग्टनला आहे, शिमल्याला आहे, आणि माळव्याच्या गव्हासाठी इंदूरला गहू संशोधनाचे केंद्र आहे. दर हिवाळ्यात तिथली माणसे ठरावीक शेतांत ठरावीक वाणे पेरतात, पहिली पुटकुळी कधी दिसली ते लिहून ठेवतात, तिचा वंश ओळखतात आणि पुढल्या वर्षी कोणते वाण कुठे द्यायचे ते ठरवतात. या कामाला बातमीत जागा मिळत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही. १९४६-४७ नंतर आपल्या या प्रदेशाने तशी साथ पुन्हा पाहिली नाही, त्यामागे या नोंदवह्या आहेत. त्या भरणारे लोक श्रीमंतांच्या भाषेत हाताखालचेच लोक आहेत. मोजणी करायचीच तर ती त्यांच्याकडून करून घ्यावी, असे श्रीमंत म्हणाले होते. तेवढा त्यांचा सल्ला आपण पाळला आहे.